समुद्रावरचा संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कुणी विदुषी बोलवाव्यात, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा ज्या बाई यायच्या होत्या त्यांना ऐनवेळी ताप आला आणि चिटणीसबाईंनी परवा संध्याकाळी माझी कडी वाजवली. "तुम्ही रोज काहीतरी वाचत असता, तेच सांगा," म्हणाल्या. मी काही भाषणे करणारी बाई नव्हे. मंडळाच्या भांड्यांच्या कपाटाची किल्ली सांभाळणारी, एवढीच माझी इथली ओळख. तेव्हा बोलण्यात उणेअधिक झाले तर पदरात घ्या.

मी रोज वाचते हे खरे. पण ते माझ्यासाठी नव्हे, आमच्या घरातल्यांसाठी. पुष्कळजणींना ठाऊक आहे की, ह्यांची नजर काचबिंदूने गेली. वाचनाचे वेड असलेल्या माणसाला हे किती जड जाते, ते मी सांगायला नको. मग दिवेलागणीनंतर पडवीत बसून मी वाचते आणि हे ऐकतात. मराठी पुस्तके भरभर होतात. इंग्रजी पुस्तक असले की माझी बोबडी वळते. एका हाताशी शब्दकोश आणि दुसऱ्या हाताशी ह्यांचे सुधारणे, अशी ती बैलगाडी चालते. 

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक पुस्तक आणून दिले. एका नवराबायकोने शिडाच्या छोट्या गलबतातून केलेल्या प्रवासाची ती हकीकत. नवऱ्याचे नाव माइल्स स्मीटन, बायकोचे बेरिल. मला वाटले, साहेबलोकांच्या सहलीचे वर्णन असेल. पण दहा-बारा पाने झाली आणि कुकरची शिटी झाली तरी उठवेना. पुढची-मागची माहिती भाच्याने आणखी इकडूनतिकडून जमवून दिली. त्या दोघांची गोष्ट आज सांगते.

स्मीटन दांपत्याचा आपल्या देशाशी संबंध आहे. माइल्स यांचा जन्म 1906 चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. ते हिंदुस्थानच्या सैन्यात अधिकारी होते, हॉडसन्स हॉर्स या घोडदळात. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात लढले, आणि 1945 साली ब्रह्मदेशात मेक्टिलाच्या लढाईत प्रोबिन्स हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीचे ते नायक होते. बेरिल त्यांच्याहून वर्षाने मोठी, 1905 ची. तिचेही माहेर सैनिकाचे. तिचे पहिले लग्न एका लष्करी अधिकाऱ्याशी झाले होते, ते टिकले नाही. त्या काळात अशी बाई माहेरी तरी तोंड लपवून बसायची किंवा दुसऱ्याच्या घरी ओशाळी होऊन राहायची. बेरिलने पाठीला पिशवी लावली आणि ती चालू लागली. इराण, रशिया, चीन असा प्रवास तिने एकटीने केला. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या कडेकडेने घोड्यावरून गेली. ब्रह्मदेशातून सयामात पायी गेली. हे सगळे 1930 नंतरच्या दहा वर्षांतले.

पुढे 1938 साली तिने माइल्सशी लग्न केले. दुसऱ्याच वर्षी ही दोघे चित्रळमधल्या तिरिच मीर या हिमशिखरावर चढायला गेली. शिखर सर झाले नाही. पण त्यांच्याबरोबर जो शेर्पा होता त्याचे नाव तेन्झिंग. होय, तोच, चौदा वर्षांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभा राहिलेला तेन्झिंग नोर्गे. हे वाचले तेव्हा आमच्याकडे पडवीत टाळी वाजली.

युद्ध संपले. या दोघांनी सैन्याची नोकरी, बंगला, नोकरचाकर सोडून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या सॉल्ट स्प्रिंग नावाच्या बेटावर शेत घेतले. मुलगी क्लिओ लहान होती. शेत तर घेतले, पण हाती पैसा नाही. कारण त्यांची शिल्लक इंग्लंडमध्ये आणि युद्धानंतरच्या निर्बंधांमुळे तिथला पैसा देशाबाहेर नेता येईना. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. इंग्लंडमध्ये एक गलबत विकत घ्यायचे, ते स्वतः हाकत कॅनडाला न्यायचे आणि तिथे विकून पैसे मोकळे करायचे.

युक्ती नामी होती. अडचण एवढीच की, दोघांपैकी कुणालाही गलबत हाकता येत नव्हते.

पण घेतले. 46 फूट लांबीचे, दोन डोलकाठ्यांचे, हाँगकाँगला 1938 साली बांधलेले सागवानी गलबत. त्याचे नाव 'त्झू हांग'. चिनी लोकांची करुणेची देवता क्वान यिन, तिची भक्तांना तारून नेणारी नौका, असा त्या नावाचा भाव. पुस्तके वाचून आणि चुका करून ही दोघे शिडे बांधायला शिकली. 1951 साली दहा-अकरा वर्षांच्या क्लिओला घेऊन निघाली आणि अटलांटिक महासागर व पनामाचा कालवा ओलांडून कॅनडाला पोहोचली. गलबत विकायचे ठरले होते, ते मात्र विकले गेले नाही. विकायला मन होईना. आपल्याकडे गाय विकायला बाजारात न्यावी आणि संध्याकाळी तीच दोरी धरून परत यावी, तसे झाले. मग 1955 साली शेताचाच निरोप घेऊन दोघे पुन्हा समुद्रावर गेली आणि पुढची पंधराएक वर्षे तोच त्यांचा पत्ता झाला.

भगिनींनो, आपण 'जगाची सफर' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे काय येते? गळ्यात कॅमेरा, हॉटेलातला नाश्ता, सात दिवसांत पाच देश. या दोघांचे तसे नव्हते. 46 फूट म्हणजे आपल्या या सभागृहाच्या भिंतीएवढे लांब घर आणि मधोमध अंग चोरून वावरावे एवढेच रुंद. अशा गलबतावर स्टोव्ह झोपाळ्यासारखा टांगलेला असतो, म्हणजे घर कलले तरी पातेले सरळ राहावे. निजायच्या फळीला बाजूने पाट लावतात, नाहीतर माणूस झोपेत खाली येतो. गोडे पाणी मोजून. रात्रंदिवस पाळीपाळीने सुकाणूवर बसायचे. महिना-दोन महिने दुसऱ्या माणसाचे तोंड दिसत नाही. नवराबायकोत धुसफुस झाली तर 'माहेरी जाते' म्हणायची सोय नाही! याला मी सहल म्हणणार नाही. हा संसारच, फक्त उंबरठ्याबाहेर अंगण नव्हते, महासागर होता.

आता मुख्य प्रसंग सांगते. 1956 साली ही दोघे ऑस्ट्रेलियात मेलबोर्नला होती. क्लिओला शाळेसाठी इंग्लंडला पाठवले होते. तिच्याकडे जायचे, तर दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न हे भूशिर वळसा घालून जावे असे त्यांनी ठरवले. त्या टोकाला खलाशी दबकून असतात. तिथल्या अक्षांशांवर पृथ्वीभोवती वारा वाहतो तो पश्चिमेकडून, आणि त्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. वारा हजारो मैल पाण्यावरून वाहत राहतो आणि लाटा डोंगराएवढ्या वाढत जातात. बरोबर जॉन गझवेल नावाचा एक तरुण होता. त्याने स्वतःच्या हातांनी वीस फुटांची होडी बांधली होती आणि तीतून तो एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. ती न्यूझीलंडला ठेवून तो यांच्याबरोबर आला. सुतारकामात अगदी तरबेज. चौथी सोबतीण प्वे नावाची सयामी मांजर.

डिसेंबरअखेर निघाले. 14 फेब्रुवारी 1957. हॉर्न अजून नऊशे-हजार मैल दूर. सकाळची वेळ, बेरिल सुकाणूवर, दोघे पुरुष आत. मागून एक लाट अशी आली की, तिने गलबताची मागची बाजू उचलून पुढच्या टोकावरून उलटी फेकली. कोलांटीउडीच म्हणा ना! गलबत पुन्हा सरळ झाले तेव्हा दोन्ही डोलकाठ्या मोडलेल्या, सुकाणू गेलेले, वरची खोली उपटून निघालेली, आणि तिच्या जागी छताला सहा फुटांचे भगदाड. आत कमरेएवढे पाणी, त्यात पुस्तके, डबे, अंथरुणे तरंगताहेत. आणि बेरिल गलबतावर नाही.

ती तीसएक यार्डांवर पाण्यात होती. कमरेची दोरी तुटली होती, डोक्याला जखम, खांदा जायबंदी. मोडलेल्या डोलकाठीचे लाकूड दोरखंडांनी गलबताला अडकून तरंगत होते. तिथवर ती पोहत आली आणि दोघांनी तिला वर ओढले. 

आता पुढे ऐका, कारण याच जागी मी पुस्तक खाली ठेवले होते. गलबत बुडणार, याविषयी पुरुषांना शंका उरली नव्हती. सैन्यात नाव काढलेला माणूस, पण क्षणभर त्याचेही हातपाय गळले. पाणी उपसायचे तर कशाने? त्या पसाऱ्यात काही सापडेना. तेव्हा ही नुकती समुद्रातून काढलेली, रक्ताने माखलेली बाई म्हणाली की, बादल्या कुठे आहेत ते मला ठाऊक आहे, मी आणते. आणि तिने आणल्या. 

बादल्या आल्या म्हणून उपसा सुरू झाला. उपसा सुरू झाला म्हणून जॉनला भगदाडावर फळ्या ठोकायला आणि शिडाचे कापड ताणायला वेळ मिळाला. त्याने उरल्यासुरल्या लाकडांतून एक काठी उभी केली, सुकाणूच्या जागी लांब वल्हे बसवले. अशा लंगड्या गलबतातून ती तिघे आणि मांजर महिन्याभराने, मार्चमध्ये, चिलीच्या किनाऱ्याला लागली.

मी ह्यांना म्हटले, "अहो, बघा. अख्ख्या महासागरात शेवटी उपयोगी काय पडले, तर कुठली वस्तू कुठे ठेवली आहे ते माहीत असणे." हे हसले. म्हणाले, "अगं, पोस्टात माझ्या नऊ बदल्या झाल्या. प्रत्येक नव्या बिऱ्हाडात पहिल्या रात्री अंधारात काडेपेटी कुणाला सापडायची?"

असो. पुस्तकावरून आमच्या घरात वादही झाले, तेही सांगायला हवेत. चिलीला गलबत दुरुस्त झाले आणि त्याच डिसेंबरात, 1957 च्या, नवराबायको पुन्हा हॉर्नकडे निघाली. या वेळी दोघेच. पुन्हा वादळ, पुन्हा गलबत उलटले, पुन्हा डोलकाठ्या गेल्या. परत फिरून वालपरायझोला आली आणि गलबत मोठ्या बोटीवर चढवून इंग्लंडला न्यावे लागले. मी म्हटले, हा हट्ट मला पटत नाही. शाळेत मुलगी वाट पाहते आहे. एकदा देवाने हात दिला, दुसऱ्यांदा त्याला कशाला साकडे? हे म्हणाले, ज्याच्या अंगी हा हट्ट नसतो तो पहिल्याच खेपेला बुडतो. दोन दिवस आम्ही यावर भांडलो. माझे मत अजूनही बदललेले नाही. आपल्यातल्या मुलांच्या आया माझ्या बाजूने मत देतील, अशी आशा आहे.

आणखी एक म्हणणे मी स्वतःच पुढे करते, म्हणजे मागून कुणी करायला नको. हे सगळे अधिकाऱ्यांचे, पूंजीवाल्यांचे सोहळे. आपल्याला काय त्याचे? खरे आहे. गलबत विकत घेण्याइतका पैसा त्यांच्यापाशी होता. आपल्यातल्या कितीतरीजणींना काशी-रामेश्वर होईपर्यंत साठी उलटते. पण पैसेवाले पुष्कळ असतात. या दोघांनी प्रवासाचे पुढे काय केले, ते मला महत्त्वाचे वाटते.

पहिली गोष्ट, त्यांनी लिहिले. माइल्स यांचे या दोन अपघातांवरचे पुस्तक 1959 साली निघाले. त्याचे नाव 'वन्स इज इनफ', म्हणजे 'एकदा झाले तेवढे पुरे'. नाव असे आणि गेले दोनदा! पुढे ते लिहीतच राहिले. जपानपासून अल्युशियन बेटांपर्यंतच्या धुक्यातल्या प्रवासावर लिहिले, आणि शेवटी, डिसेंबर 1968 मध्ये, हॉर्न ओलांडले त्यावरही लिहिले. होय, ओलांडले! वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे अधिक अवघड बाजूने, आणि त्या वेळी दोघांनीही साठी ओलांडली होती. बरोबर एक ऑस्ट्रेलियन तरुण होता. नंतर गलबत त्यांनी त्यालाच विकले. 

बेरिलनेही लिहिले. गंमत पाहा, तरुणपणी एकटीने केलेल्या भटकंतीवरचे तिचे पहिले पुस्तक आले 1961 साली, म्हणजे पंचविसेक वर्षांनी. तोवर ते सगळे तिच्या मनातच होते.  स्मरणिकेसाठी लेख मागितला की आपण म्हणतो, "आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय आहे? आणि आता किती वर्षे झाली त्याला!" वर्षे झाल्याने काही बिघडत नाही. लोणचे मुरायलाही दिवस द्यावेच लागतात. न लिहिले तर मात्र ते आपल्याबरोबरच जाते.

दुसरी गोष्ट आज मला विशेष सांगायची आहे. गलबत विकल्यावर काय? पासष्टीच्या घरातले नवराबायको. अंगातली ताकद ओसरलेली. अशा वेळी माणूस खुर्चीत बसून 'आम्ही असे होतो' हे पाहुण्यांना ऐकवीत राहतो. मला याचा अनुभव आहे. तुम्हांला सांगते, आम्ही निवृत्त होऊन या गावी परत आलो तेव्हा मला वाटले होते, आता आपल्या घरी आलो. पण चाळीस वर्षे बाहेर काढलेल्याला गाव ओळखत नाही. शेजारीण 'पाहुण्या का?' म्हणून विचारी. ह्यांनी नोकरीत मला शब्द दिला होता की, निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून जग दाखवीन. नकाशाच्या पुस्तकावर पेन्सिलीच्या खुणाही करून ठेवल्या होत्या. मग डोळ्यांचे दुखणे निघाले, दोन शस्त्रक्रिया झाल्या, तो पैसा तिकडे गेला. ह्यांनी त्याविषयी कधी अवाक्षर काढले नाही. एकदा रात्री फक्त म्हणाले, "तुझे फिरणे राहिले." त्या दिवसांत मला घर खायला उठे.

म्हणून स्मीटन नवराबायको परतल्यावर काय करतात, याकडे माझे लक्ष लागले होते.

ती कॅनडातच, पण समुद्रापासून फार दूर, अल्बर्टा प्रांतात गेली. कॅलगरी शहराजवळ कोक्रेन म्हणून गाव आहे, तिथे जमीन घेऊन घर बांधले. भोवती कुंपण घातले आणि तिथे पोरक्या, जायबंदी वन्य प्राण्यांना आसरा दिला. मूस नावाचे तिथले प्रचंड हरीण, त्याचे पोरके पाडस यांच्याकडे वाढले. त्याचेही पुस्तक झाले, 1974 साली. 

मग आली खोकडे. आपल्या सोलापूर-नगरकडच्या माळरानावर खोकड असते, ते पुष्कळजणींनी लहानपणी पाहिले असेल. कोल्ह्यासारखे, पण मांजराएवढे, झुबकेदार शेपटीचे, उंदीर खाऊन शेतकऱ्याचे भलेच करणारे. त्याचेच एक भावंड उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळांवर राहते. वजन दोन-तीन किलो, पळण्यात विजेसारखे, आणि कोल्ह्याकुत्र्यांत विरळा गुण म्हणजे बारा महिने बिळात घर करून राहणारे. तिकडचे माळ नांगराखाली गेले. लांडगे मारायला म्हणून शेतकऱ्यांनी विष पेरले, सापळे लावले, आणि त्यांत ही निरुपद्रवी पोरे मेली. कॅनडात एकही उरले नाही. 1978 साली ते सरकारदरबारी देशातून नाहीसे झालेले प्राणी म्हणून नोंदले गेले.

सरकारने नोंद करण्याच्या पाच वर्षे आधी, 1973 साली, या दोघांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोतून खोकडांच्या दोन जोड्या आणल्या होत्या. त्यांची वीण वाढवायची आणि पुन्हा माळावर सोडायची, हा बेत. लोकांनी म्हातारपणचा चाळा म्हटले असेल तर नवल नाही. रोजचे काम पाहिले तर त्यात पराक्रम कसला? कुंपणाची तार तपासणे, वेळेवर खाणे घालणे, पिलांची नोंद ठेवणे, आणि माणसाची फार सवय लागू न देणे. लळा लागलेले खोकड रानात जगत नाही. आपल्या हाताने वाढवायचे आणि ते आपल्याला विसरेल अशी काळजीही आपणच घ्यायची. मुली सासरी पाठवलेल्या आयांना हे अधिक समजावून सांगायला नको.

बेरिल 1979 साली वारली. खोकडे अजून कुंपणातच होती. पहिली खोकडे माळावर सोडली गेली ती 1983 साली, वन्यजीव खाते आणि कॅलगरीचे विद्यापीठ यांच्या साहाय्याने. ती पाहायला माइल्स होते, बेरिल नव्हती. ते 1988 साली गेले. पुढे काम चालवले ते त्यांच्या मुलीने, क्लिओने. जिच्यासाठी मी ह्यांच्याशी दोन दिवस भांडले, तीच ही मुलगी! 1983 ते 1997 या काळात कॅनडाच्या माळांवर नऊशेहून अधिक खोकडे सोडली गेली. काही थेट अमेरिकेच्या माळावरून धरून आणलेली होती, पण पुष्कळशी कोक्रेनच्या घरी जन्मलेली. त्यांना रानात पिले झाली, त्या पिलांना पिले झाली. 'नाहीसे' हा शिक्का पुसून 1998 मध्ये 'अतिसंकटात' असे लिहावे लागले आणि 2009 मध्ये त्याहून सौम्य 'संकटाची भीती' असे. सरकारी कागदावर अशी खोडाखोड क्वचितच चांगल्यासाठी होते.

त्या 'त्झू हांग' गलबताचे काय झाले म्हणाल, तर ते दुसऱ्यातिसऱ्या हाती गेले आणि शेवटी पोर्तो रिकोत मोडीत निघाले. ज्याच्यावर जीव ओवाळून टाकला ते लाकूड राहिले नाही. माळावरची खोकडे मात्र आज आहेत.

हे वाचून संपले त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ गप्प बसलो होतो. मग हे म्हणाले, "तिने सोडताना पाहिली नाहीत, नाही का?" मी म्हटले, "नाही." हे म्हणाले, "पण खाणे घातले होते तिने." एवढेच.

मला त्या रात्री आपले मंडळ आठवले. आम्ही इथे नवे असताना चिटणीसबाई अशाच एका संध्याकाळी आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "भांड्यांचे कपाट कुणीतरी नीट लावून द्यायला हवे. कुणाच्या लग्नाला पातेली गेली, कुणाची परत आली, मेळ लागत नाही." मला खरे तर राग आला होता. नऊ गावे पाहून आले, चार भाषा थोड्या थोड्या येतात, आणि काम काय, तर पातेली मोजा! पण मोजली. वही घातली. मोठी पातेली खाली, झारे-पळ्या खुंटीला, बादल्या दाराजवळ.

आणि मागच्या वर्षी ओढ्याचे पाणी रात्री खालच्या आळीत शिरले, ते तुम्ही सर्वांनी पाहिले. वीज गेलेली. मंडळाचे दार उघडले तेव्हा कंदील नव्हता. पण मला कंदील लागला नाही. बादल्या कुठे आहेत, ते ठाऊक होते. पंधरा मिनिटांत अठरा बादल्या खालच्या आळीत होत्या आणि पहाटे त्याच पातेल्यांतून दीडशे माणसांचा चहा आणि पिठले-भात झाला. त्या दिवसापासून मला या गावात कुणी 'पाहुण्या का?' म्हणून विचारलेले नाही.

भगिनींनो, आज आपल्यापैकी पुष्कळजणी मुलांकडे परदेशी जातात. सहा-सहा महिने राहून येतात. कुणी यात्रा कंपनीबरोबर जाऊन येतात, कुणी नर्मदेची परिक्रमा करून आल्या आहेत. जावे, जरूर जावे. ज्यांना जमेल त्यांनी लांबवर जावे. पण परत आल्यावर फोटो दाखवून झाले की पुढे काय, याची तयारी जाण्याआधीच करून ठेवावी, एवढेच मला सुचवायचे आहे. आणि ज्यांचे जाणे राहिले, त्यांनी त्याची खंत फार उगाळू नये. बेरिलने जग पायाखाली घातले, तरी शेवटची वर्षे तिने कुंपणाच्या तारा तपासण्यात काढली. ते काम तिला कमी वाटले असेल, असे मला तरी वाटत नाही.

आमच्याकडे हल्ली रविवारी सकाळी आळीतली पाच-सहा मुले येतात. ह्यांच्या मांडीवर ते जुने नकाशाचे पुस्तक असते. दिसत काही नाही. मुलांनी पान सांगायचे आणि ह्यांनी बोट ठेवायचे. पनामाचा कालवा बहुतेक वेळा बरोबर सापडतो. केप हॉर्न मात्र दर खेपेला दोन बोटे समुद्रात जाते, आणि मुले ओरडतात, "आजोबा, बुडालात!" पेन्सिलीच्या जुन्या खुणा अजून आहेत. मुलांनी विचारले तर मी सांगते, त्या आजी-आजोबांच्या प्रवासाच्या आहेत.

चहाची वेळ झाली. कपबश्या तिसऱ्या फळीवर आहेत. मोजून घ्याव्यात आणि मोजून परत ठेवाव्यात, ही विनंती.